बुडता कारखाना आणि सरकारचा हात



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून, 'अमेरिकेतल्या मोटारवाल्यांचे दिवाळे निघाले, त्याचे आम्हांला काय?' असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. शंका रास्त आहे. परंतु साखर कारखान्याची थकहमी, बंद पडलेली गिरणी, बुडालेली बँक हे शब्द ज्या महाराष्ट्रात लहान मुलांच्याही कानावरून गेलेले असतात, तेथील नागरिकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. धंदा अडचणीत येतो, मालक राजधानीकडे धाव घेतो, कामगार त्याच्यामागून जातो आणि मग खजिन्याचे कुलूप उघडावे की नाही यावर रण माजते. हे रण अमेरिकेत २००८ आणि २००९ या दोन वर्षांत जितक्या उघडपणे आणि जितक्या मोठ्या रकमेवरून माजले, तितके क्वचितच कोठे माजले असेल. म्हणून तो दाखला मी आज घेतला आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मदत द्यावी की देऊ नये, या प्रश्नावर लोक हिरिरीने भांडतात. पण बहुतेक वेळा मदत या ना त्या रूपाने दिली जातेच. तेव्हा नागरिकाने पाहावयाचे ते हे की, मदतीच्या कागदावर अटी कोणत्या पडल्या, त्या लिहिताना कोण हजर होते आणि जे हजर नव्हते त्यांच्या माथी काय आले.

प्रथम दुखणे काय होते ते पाहू. डेट्रॉइट शहर आणि त्याचा परिसर हे अमेरिकन मोटारधंद्याचे माहेरघर. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तेथील तीन थोरल्या कंपन्या. त्यांच्या दुखण्याचा एक भाग त्यांनी स्वतः ओढवून घेतलेला होता. मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांत नफा दांडगा, म्हणून लहान गाड्यांकडे त्यांनी दुर्लक्ष केले आणि ते क्षेत्र जपान्यांच्या हाती गेले. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरांच्या वर गेले, तेव्हा या मोठ्या गाड्या दुकानात उभ्या राहिल्या. दुखण्याचा दुसरा भाग जुन्या वचनांचा होता. अमेरिकेत नोकरदार माणसाचा दवाखान्याचा खर्च पुष्कळ अंशी मालकाच्या विम्यातून भागतो. भरभराटीच्या काळात कंपन्यांनी कामगार संघटनेशी करार करून निवृत्तांनाही पेन्शन आणि औषधपाणी कबूल केले होते. पुढे यंत्रे वाढली, कामगार घटले आणि जनरल मोटर्सची अवस्था अशी झाली की, कामावरच्या माणसांच्या कितीतरी पट निवृत्तांचा भार तिच्या गाड्यांच्या किमतीवर पडू लागला. त्यातच सप्टेंबर २००८ मध्ये बँकांचा डोलारा कोसळला आणि कर्ज मिळेनासे झाले. अमेरिकेत मोटार घेणारा बहुधा कर्जाने घेतो. २००७ साली जेथे एक कोटी साठ लाखांच्या आसपास गाड्या खपल्या होत्या, तेथे २००९ मध्ये जेमतेम एक कोटी चार लाख खपल्या. जनरल मोटर्सला एकट्या २००८ मध्ये सुमारे ३१ अब्ज डॉलरांचा तोटा आला. अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे ध्यानात ठेवावे.

नोव्हेंबर २००८ मध्ये तिन्ही कंपन्यांचे प्रमुख वॉशिंग्टनला जाऊन २५ अब्ज डॉलरांचे कर्ज मागू लागले. ते तिघेही आपापल्या कंपनीच्या खासगी विमानांतून आले होते. साधे तिकीट काढून कोण आले, हात वर करा, असे एका प्रतिनिधीने विचारले. एकही हात वर झाला नाही. झोळी घेऊन यायचे ते अंबारीतून, असा हा प्रकार झाला. देशभर छी-थू झाली. पुढच्या महिन्यात तेच गृहस्थ आपल्याच कारखान्याच्या गाड्यांतून शेकडो मैलांचा प्रवास करून आले, आणि या खेपेस मागणी ३४ अब्जांवर गेली होती!

ही गोष्ट गमतीची खरी, पण तिच्यात एक काटा आहे. महिना-दीड महिन्यापूर्वीच, ३ ऑक्टोबर २००८ रोजी, याच काँग्रेसने बँकांसाठी म्हणून ७०० अब्ज डॉलरांचा कायदा मंजूर केला होता. पैशाचे व्यवहार करणाऱ्या कोणत्या गृहस्थाने कोणते वाहन वापरले याची चौकशी इतक्या बारकाईने झाली नव्हती. लोखंड ठोकणाऱ्याला मात्र पैन्‌पैचा हिशेब द्यावा लागला. याचक कोणत्या पंक्तीतला, यावर त्याला विचारायचे प्रश्न ठरतात, हा राजकारणाचा पहिला धडा.

आता दोन्ही पक्षांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. विरोधकांचे म्हणणे असे की, ज्याने धंदा नीट केला नाही त्याने त्याचे फळ भोगावे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. आज मोटारवाल्यांना दिले तर उद्या कोणाला नाही म्हणणार? आणि जो करदाता स्वतः तुटपुंज्या पगारावर विम्यावाचून जगतो, त्याने दुसऱ्याच्या पेन्शनसाठी कर का भरावा? मिट रॉम्नी यांनी नोव्हेंबर २००८ मध्ये एका लेखात असे प्रतिपादन केले की, या कंपन्यांना धनादेश देण्यापेक्षा त्यांना दिवाळखोरीच्या न्यायालयातून जाऊ द्यावे. तेथे जुने करार मोडून नवी घडी बसवता येईल. हे रॉम्नी स्वतः मिशिगनचे, आणि त्यांचे वडील एका मोटार कंपनीचे प्रमुख व पुढे त्या राज्याचे गव्हर्नर होते. त्यामुळे त्यांचे बोलणे डेट्रॉइटला अधिकच लागले.

समर्थकांची बाजूही भक्कम होती. दिवाळखोरीतून जाणाऱ्या कंपनीलाही मधल्या काळात पगार द्यायला आणि लोखंड घ्यायला पैसा लागतो. त्या हिवाळ्यात तो उसना देणारा सावकार साऱ्या जगात उरला नव्हता. म्हणजे 'न्यायालयात जा' याचा व्यवहारातला अर्थ 'भंगारात जा' असा होता. याहून मोलाचा मुद्दा फोर्डच्या वागण्यात दिसतो. फोर्डने २००६ मध्येच आपली मालमत्ता गहाण टाकून सुमारे २३ अब्ज डॉलर उभे केले होते, त्यामुळे तिला या तातडीच्या पैशांची गरज पडली नाही. तरी फोर्डचे प्रमुख ॲलन मुलाली आपल्या प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या, असे सांगायला काँग्रेसपुढे उभे राहिले. यात औदार्यापेक्षा हिशेब होता. मोटारीचे हजारो सुटे भाग बाहेरचे लहानमोठे कारखाने बनवतात, आणि तोच कारखानदार तिघांनाही माल पुरवतो. दोन गिऱ्हाइके एकदम बुडाली तर तो बुडणार आणि मग तिसऱ्यालाही गाडी जोडता येणार नाही. आपल्या खेड्यातल्या सामाईक विहिरीसारखे हे आहे. शेजाऱ्याशी वैर असले, तरी विहिरीचा काठ ढासळू देऊन चालत नाही.

इतके ऐकल्यावर आपल्याला वाटेल की, भांडण तत्त्वांचे होते. अंशतः होतेही. पण मते कशी पडली ते पाहा. १० डिसेंबर २००८ रोजी प्रतिनिधिगृहाने १४ अब्ज डॉलरांचे विधेयक २३७ विरुद्ध १७० मतांनी मंजूर केले. दुसऱ्याच दिवशी सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदानाला येण्यासाठी ६० मते हवी होती, ती ५२ च पडली आणि विधेयक बारगळले. विरोधाचे पुढारपण अलाबामाचे रिचर्ड शेल्बी आणि टेनेसीचे बॉब कॉर्कर या दक्षिणेकडील सभासदांकडे होते. अलाबामात मर्सिडीज, होंडा आणि ह्युंदाई यांचे कारखाने आहेत; टेनेसीत निसानचा आहे, आणि फोक्सवॅगनने आपला कारखाना तेथे काढण्याचे २००८ च्या जुलैतच जाहीर केले होते. हे कारखाने काय केवळ मोकळ्या बाजारपेठेच्या कृपेने उभे राहिले? मर्सिडीजला आणण्यासाठी १९९३ साली अलाबामा राज्याने सुमारे २५ कोटी डॉलरांच्या सवलती दिल्या होत्या. जमीन, रस्ते, प्रशिक्षण, करमाफी, हे सारे सरकारी पैशातूनच. उत्तरेकडे मागितले ते कर्ज आणि दक्षिणेकडे दिले ते प्रोत्साहन, एवढाच शब्दांचा फरक! सरकारी मदतीला विरोध करणारेही आपल्या अंगणातल्या मदतीला मदत म्हणत नाहीत.

त्या रात्री वाटाघाटी फिसकटल्या त्या मजुरीवरून. डेट्रॉइटच्या कामगारांनी २००९ मध्येच ठराविक मुदतीत आपली मजुरी परदेशी कंपन्यांच्या दक्षिणेकडील कारखान्यांइतकी खाली आणावी, अशी अट होती. संघटना आपला करार संपेपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, अवधी मागत होती. या काळात एक आकडा फार गाजला. डेट्रॉइटचा कामगार तासाला सत्तर डॉलरांहून अधिक घेतो, असे सांगितले जाई. वास्तविक जुन्या कामगाराच्या हाती पडणारी मजुरी तासाला २८ डॉलरांच्या आसपास होती. उरलेल्या रकमेत त्याचे स्वतःचे विमा-भत्ते होते आणि शिवाय निवृत्तांच्या पेन्शनचा आणि औषधपाण्याचा सारा बोजा कामावरच्या माणसाच्या तासांत वाटून मिळवलेला होता. म्हणजे बापाच्या दवाखान्याचे बिल मुलाच्या पगारात धरून मुलाला उधळ्या ठरवण्यातला हा प्रकार. आकडा खोटा नव्हता. त्याचा सांगितलेला अर्थ खोटा होता. सार्वजनिक वादात अशा आकड्यांपासूनच अधिक सावध राहावे लागते.

सिनेटने दार लावले, ते अध्यक्ष बुश यांनी खिडकीतून उघडले. १९ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी बँकांसाठीच्या निधीतूनच जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना १७.४ अब्ज डॉलर देण्याचे ठरवले. बुश हे खुल्या बाजारपेठेचे पुरस्कर्ते आणि त्यांच्याच पक्षाने विधेयक पाडलेले. पण जाता जाता देशाची मोटारच बंद पाडून किल्ल्या उत्तराधिकाऱ्याच्या हाती द्याव्या, हे त्यांना पटले नाही. पुढे अध्यक्ष ओबामा यांनी मार्च २००९ मध्ये दोन्ही कंपन्यांचे आराखडे अपुरे म्हणून परत केले आणि जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांना पद सोडावयास लावले. ३० एप्रिलला क्रायस्लर आणि १ जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. गंमत अशी की, रॉम्नी म्हणत होते ती दिवाळखोरीही झाली आणि ते नको म्हणत होते तो सरकारी पैसाही मोठ्या प्रमाणावर लागला. क्रायस्लरचा कारभार इटलीच्या फियाटकडे गेला. नव्या जनरल मोटर्सचे सुमारे ६१ टक्के भाग अमेरिकन सरकारकडे आले. भांडवलशाहीच्या माहेरघरातली सर्वांत नामांकित कंपनी काही वर्षे सरकारच्या मालकीची होती!

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अटींचे ओझे कोणावर पडले? जुने भागधारक धुऊन निघाले. ते न्याय्यच होते. जनरल मोटर्सच्या रोखेधारकांना त्यांच्या प्रचंड येण्यापोटी नव्या कंपनीचे दहा टक्के मिळाले. निवृत्तांच्या औषधपाण्यासाठी असलेल्या विश्वस्त निधीला रोख रकमेऐवजी साडेसतरा टक्के भाग घ्यावे लागले. क्रायस्लरने आपल्या ७८९ विक्रेत्यांचे करार तोडले. परंतु मोटार विकणारा हा प्रत्येक गावातला वजनदार माणूस. त्यांनी आपापल्या प्रतिनिधींना गाठले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसने त्यांना लवादापुढे दाद मागण्याचा हक्क देणारा कायदा केला. उलट, सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फाय कंपनीतल्या, संघटनेत नसलेल्या पगारदारांची पेन्शन कापली गेली. संघटित कामगारांची मात्र जनरल मोटर्सने भरून काढली. आणि ज्यांची अद्याप भरतीही झालेली नव्हती, त्या नव्या कामगारांचे काय? त्यांना जुन्या कामगाराच्या जवळजवळ निम्म्या मजुरीवर घेण्याची पद्धत २००७ च्या करारात सुरू झाली होती, ती २००९ मध्ये अधिक सैल सोडण्यात आली. एकाच पट्ट्यावर, एकाच गाडीला चाके लावणाऱ्या दोन माणसांच्या दोन पंगती पडल्या. जो जन्मालाच आलेला नाही त्याच्या नावावर कर्ज काढणे सर्वांत सोपे, कारण तो बैठकीला येत नाही. या दोन पंगती बऱ्याच अंशी मोडायला २०२३ चा तिन्ही कंपन्यांतला संप लागला. चौदा वर्षे गेली.

हिशेब सांगतो. मोटारधंद्यावर सरकारने सुमारे ८० अब्ज डॉलर घातले. त्यांपैकी सुमारे ७० अब्ज २०१४ च्या अखेरीपर्यंत परत आले. म्हणजे नऊ-दहा अब्जांची खोट आली. लाखो लोकांची रोजी वाचली हे पाहता माझ्या मते सौदा वाईट नव्हता. मंदीच्या तळाशी आणखी लाखो घरे उघडी पडली असती, तर बेकारभत्ता आणि बुडालेला कर यांतच त्याहून अधिक गेले असते. पण कंपनी वाचली म्हणजे गाव वाचले असे नव्हे. ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनचा मोठा कारखाना जनरल मोटर्सने मार्च २०१९ मध्ये बंद केला, तेव्हा सरकारचे भाग विकून पाच वर्षे झाली होती आणि विचारणारा कोणी नव्हता.

याउलट दाखले हवेत म्हणून इतर तीन प्रसंग थोडक्यात सांगतो. पहिला क्रायस्लरचाच, तीस वर्षांपूर्वीचा. १९७९ मध्ये ली आयकोका यांनी सरकारची थकहमी मागितली. काँग्रेसने दीड अब्ज डॉलरांची थकहमी दिली. पण आधी बँका, कामगार, पुरवठादार आणि राज्य सरकारे यांनी मिळून दोन अब्जांची झीज सोसावी, अशी अट घातली. सर्वांचे हात एकाच दोराला लागले. संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर संचालक मंडळावर बसले. कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी, १९८३ मध्ये, फिटले आणि सरकारला वर तीस कोटी डॉलरांहून अधिक नफा झाला. अर्थात यात एक न बोललेली मदतही होती. १९८१ पासून जपानने अमेरिकेला वर्षाकाठी १६ लाख ८० हजारांहून अधिक गाड्या पाठवू नयेत, असे ठरवून घेण्यात आले होते. ती मदत खजिन्यातून गेली नाही, गिऱ्हाइकाच्या खिशातून गेली.

दुसरा इंग्लंडचा. तेथे १९६८ मध्ये सरकारच्या उत्तेजनाने अनेक कंपन्या एकत्र करून ब्रिटिश लेलँड उभारली. ती १९७४ च्या अखेरीस कोलमडली आणि १९७५ मध्ये सरकारजमा झाली. पैसा आला, पण कारखाने किती ठेवायचे, गाड्यांचे प्रकार किती, संपांचे काय, या प्रश्नांना कोणी हात घालीना. प्रत्येक कारखान्यामागे मतदारसंघ होता. खासगी धंद्याच्या कट्टर पुरस्कर्त्या थॅचरबाईंच्या सरकारनेही १९८१ मध्ये तिला ९९ कोटी पौंड दिले. पुढे ती या हातातून त्या हातात जात राहिली. २००० साली बीएमडब्ल्यूने तिचा मोठा भाग दहा पौंडांना विकला, आणि एप्रिल २००५ मध्ये, निवडणूक महिन्यावर असताना, तो बंद पडला. सरकारने शेवटी दिलेले पासष्ट लाख पौंड आठवड्याच्या पगाराला पुरले.

तिसरा ऑस्ट्रेलियाचा. डिसेंबर २०१३ मध्ये तेथील अर्थमंत्र्यांनी संसदेत जनरल मोटर्सला, राहायचे असेल तर राहा, नाहीतर जा, अशा सुरात सुनावले. दुसऱ्याच दिवशी कंपनीने होल्डन गाड्यांचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. फोर्डने आधीच जाण्याचे ठरवले होते. सुटे भाग बनवणारे टिकणार नाहीत, म्हणून दोन महिन्यांत टोयोटानेही तोच निर्णय घेतला. ऑक्टोबर २०१७ नंतर त्या खंडप्राय देशात मोटार घाऊक प्रमाणावर बनेनाशी झाली. मुलालींचा विहिरीच्या काठाचा हिशेब तेथे खरा ठरला.

आता घराकडे वळू, कारण या कथेचा धागा मुंबईपर्यंत आला आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती याच क्रायस्लरशी करार करून. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की, नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे थारा नाही. ज्यांना गाडी इथेच बनवायची असेल त्यांनी राहावे. १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. कुर्ल्याच्या कारखान्याला आयातबंदीचे कवच मिळाले. ही मदतच होती, आणि ती आवश्यकही होती. पण तिला मुदत नव्हती, परीक्षा नव्हती. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसे आणि गाडी तीच राही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती बाजारात आली, तेव्हा या कवचाखाली अंग किती दुबळे झाले होते ते उघड झाले. जनरल मोटर्स पुढे पुन्हा आली. २००८ मध्ये तिने तळेगावला कारखाना काढला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबवले. वॉशिंग्टनच्या पैशाने वाचलेल्या कंपनीवर तळेगावचे काही देणे लिहिलेले नव्हते. ज्याचा खजिना, त्याचे रडणे आधी.

तात्पर्य काय? सरकारने कधीच हात देऊ नये, हे मला मान्य नाही. आणि मागेल त्याला द्यावा, हेही नाही. आपल्या जिल्ह्यात, आपल्या राज्यात असा प्रश्न येईल तेव्हा, आणि तो येतोच, आपण तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली : मदत कोणत्या तारखेला संपणार? क्रायस्लरला तारीख होती, कुर्ल्याला नव्हती. दुसरी : मालक, धनको, कामगार, पुरवठादार यांपैकी प्रत्येकाने आपले काय सोडले? एकानेच सोडले असेल तर ती मदत नव्हे, वाटणी आहे. आणि तिसरी, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : या बैठकीला कोण नव्हते? उद्याचा कामगार, संघटना नसलेला कारकून, आडगावचा लहान कारखानदार, आणि रांगेत उभे राहून कर भरणारा आपल्यासारखा माणूस. त्यांच्या वतीने बोलणे हे वर्तमानपत्रांचे, विधिमंडळाचे आणि अशा सभांना येणाऱ्या नागरिकांचे काम आहे. बुडत्याला हात जरूर द्यावा. पण आपले पाय कोणाच्या खांद्यावर आहेत, हे एकदा खाली वाकून पाहावे.